‘हक्क परत मिळाल्याचा दाखला’ कुठल्या कोर्टात मिळतो?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. सांगली जिल्ह्यातले एक शेतकरी. २०१६ मध्ये बांधावरून चुलतभावाशी हाणामारी झाली आणि चुलतभावाचा हात मोडला. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२५ (जबर दुखापत) आणि ५०४ (चिथावणारा अपमान), सह ३४ (मिळून केलेलं कृत्य) खाली २०१९ मध्ये एक वर्ष कैद आणि दंड. सेशन्स कोर्टातलं अपील जानेवारी २०२१ मध्ये फेटाळलं, मग कळंबा जेल. कच्ची कैद आणि माफी वजा जाऊन १९ नोव्हेंबर २०२१ ला सुटका. आता ते विचारतात: मत देता येईल का? ग्रामपंचायतीला उभं राहता येईल का? लेक दुबईला आहे, पासपोर्ट मिळेल का? तेव्हा सोळा वर्षांच्या पुतण्याचंही नाव केसमध्ये होतं, त्याच्या पोलीस भरतीचं काय? आणि या सगळ्यासाठी ‘नागरी हक्क पुनर्स्थापना दाखला’ काढून देतो म्हणून एका माणसाने चाळीस हजार मागितले आहेत, तो दाखला कुठल्या कोर्टात मिळतो?

दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात तुमचे पैसे अडकणार आहेत. असा दाखला आपल्याकडे नाही. ना तालुक्याला, ना सेशन्सला, ना हायकोर्टात. जो माणूस तो काढून देणार आहे, तो एक तर नोटरीसमोर केलेलं स्टँपपेपरवरचं प्रतिज्ञापत्र देईल, नाहीतर पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य पडताळणीचं साधं प्रमाणपत्र. ते तुम्ही स्वतः ऑनलाइन अर्ज करून सरकारी फीमध्ये मागू शकता, आणि त्यात तुमची शिक्षा नोंदलेलीच असेल. चाळीस हजार देऊन ती पुसली जाणार नाही.

ही कल्पना कुठून आली ते मला माहीत आहे. मोबाइलवर शोधलं की अमेरिकेची माहिती पुढे येते. तिकडे मोठ्या गुन्ह्यात, ज्याला ते फेलनी म्हणतात, शिक्षा झाली की बऱ्याच राज्यांत मतदानाचा, ज्युरीत बसण्याचा, बंदूक बाळगण्याचा हक्क जातो आणि तो परत मिळवायची वाट प्रत्येक राज्यात निराळी असते. मेन आणि व्हर्माँट या राज्यांत कैदी तुरुंगातूनसुद्धा मत देतात. उलट फ्लोरिडात २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून राज्यघटना बदलली, तेव्हा कुठे शिक्षा पूर्ण केलेल्यांना मत परत मिळालं. त्यातूनही खून आणि लैंगिक गुन्हे वगळलेले, आणि दंडाची बाकी भरल्याशिवाय नाहीच. तिथे ‘हक्क परत मिळवणं’ हा खरोखर एक वेगळा अर्ज, एक वेगळं काम असतं.

आपल्याकडे हक्क असे गठ्ठ्याने जातच नाहीत, म्हणून गठ्ठ्याने परतही मिळत नाहीत. सातबाऱ्यावरच्या बोज्यासारखं समजा. सोसायटीचा बोजा वेगळा, बँकेचा वेगळा, आणि प्रत्येक आपापल्या हिशेबाने उतरतो. शिक्षेचंही तसंच. मतदानाचा कायदा एक गोष्ट म्हणतो, ग्रामपंचायतीचा दुसरी, पासपोर्टचा तिसरी. प्रत्येकाची अट वेगळी, मुदत वेगळी, आणि मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची तेही वेगळं. काही बोजे तर तुमच्यावर कधी चढलेलेच नाहीत, आणि तुम्ही उगाच पाच वर्षं मान खाली घालून बसलात.

म्हणून माझ्याकडे असा माणूस आला की मी पहिल्यांदा तीन कागद मागते. खालच्या कोर्टाच्या निकालाची प्रमाणित नक्कल, अपिलाच्या निकालाची नक्कल आणि जेलमधून मिळालेला सुटकेचा दाखला. निकाल पन्नास पानांचा असला तरी मी आधी शेवटचं पान उघडते, तिथे आदेश असतो. कुठलं कलम, किती शिक्षा, आणि दोन कलमांच्या शिक्षा ‘एकत्रित भोगायच्या’ की ‘एकामागून एक’. हा शब्द लोक वाचतच नाहीत. एक वर्ष आणि दीड वर्ष एकत्र भोगायची असेल तर ती दीड वर्षाचीच शिक्षा. एकामागून एक असेल तर अडीच. केरळमधल्या जयराजन यांच्या निवडणूक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अशी बेरीज धरूनच अपात्रता ठरवली. आमदारकी-खासदारकीची अपात्रता दोन वर्षांच्या शिक्षेपासून लागते; त्या रेषेच्या अलीकडे आहात की पलीकडे, हे कधी कधी त्या एका शब्दावर ठरतं.

सुटकेच्या दाखल्याचं तर विचारू नका. जेलमधून बाहेर पडणारा माणूस तो कागद खिशात कोंबतो आणि पहिल्याच पावसात त्याचा लगदा होतो. माझ्या एका अशिलाने तो देव्हाऱ्यात, अंगाऱ्याच्या पुडीखाली ठेवला होता. नऊ वर्षांनी काढला तेव्हा हळदीने पिवळा झालेला, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती. त्या तारखेवर त्याची उमेदवारी टिकली. तुमचा हरवला असेल तर कारागृह अधीक्षकांच्या नावे अर्ज करा. कैदी क्रमांक आठवत नसला तरी नाव, केस नंबर आणि जेलमध्ये असल्याचा साधारण काळ दिला की रजिस्टरात सापडतं.

आता एकेक प्रश्न घेऊ.

मतदान. तुमचा मताचा हक्क शिक्षेमुळे गेलाच नव्हता. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ६२(५) म्हणतं की जो माणूस तुरुंगात किंवा पोलिसांच्या कोठडीत आहे, त्याला मत देता येणार नाही. म्हणजे अडचण शरीर आत असण्याची आहे, शिक्षा झाल्याची नाही. कच्चा कैदी, ज्याचा गुन्हा शाबितही झालेला नाही, तो आत आहे म्हणून मत देऊ शकत नाही. आणि शिक्षा झालेला पण अपिलात जामिनावर बाहेर असलेला माणूस रांगेत उभा राहून मत देतो. हे मला स्वतःला कधीच पटलेलं नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ते कलम वैध ठरवलं आणि आज तोच कायदा आहे. निवडणुकीतले काही गुन्हे, लाच देणं, तोतया मतदान वगैरे, यांत दोषी ठरलं तर मात्र बाहेर असलं तरी दोषी ठरल्यापासून सहा वर्षं मत देता येत नाही. तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

मग गावात ‘तुझं नाव कमी झालंय’ असं का म्हणतात? बहुतेक वेळा कारण साधं असतं. यादीची पडताळणी झाली तेव्हा तुम्ही घरी नव्हता, कुणीतरी सांगितलं ‘ते हल्ली इथे नसतात’, आणि नाव स्थलांतरित म्हणून उडालं. खरं तर तुरुंगात आहे म्हणून कुणी मतदार राहत नाही असं होत नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिलंय. आधी यादीत नाव शोधा. नसेल तर नमुना ६ (नाव नोंदवायचा अर्ज) भरून बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे द्या. तिथे कोर्टाच्या कागदाची गरज नाही, उगाच दाखवायलाही जाऊ नका.

ग्रामपंचायत. इथे मात्र खरा बोजा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये दोन वेगळ्या रेषा आहेत. अस्पृश्यता किंवा दारूबंदीच्या कायद्याखाली दोषी ठरलात तर शिक्षा कितीही असो, पाच वर्षं अपात्र, आणि ती मोजायची निकालाच्या तारखेपासून. इतर कुठल्याही गुन्ह्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झाली असेल तर पाच वर्षं, पण ती मोजायची सुटकेच्या तारखेपासून. तुम्ही दुसऱ्या रेषेत आहात. एक वर्षाची शिक्षा, सुटका १९ नोव्हेंबर २०२१. पाच वर्षं भरतात ती नोव्हेंबर २०२६ च्या त्या तारखेला. उमेदवारी अर्जांच्या छाननीचा दिवस त्याच्या अलीकडे पडला तर अर्ज बाद होईल, पलीकडे पडला तर या कारणाने कुणी हात लावू शकत नाही. तुमच्या गावचा कार्यक्रम कधी लागतो त्यावर हे आहे, म्हणून मी ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहीत नाही. दोन-चार दिवसांचा प्रश्न आला तर तारीख बोटांवर मोजू नका, वकिलाकडून मोजून घ्या.

‘माफी मिळून लवकर सुटलो, म्हणजे शिक्षा वर्षाची नव्हतीच’ असा युक्तिवाद करायला जाऊ नका. जेलमधली माफी ही भोगायच्या दिवसांत सूट आहे, कोर्टाने दिलेली शिक्षा तेवढीच राहते. आसाममधल्या शरतचंद्र राभा यांच्या जुन्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला होता आणि तो आजही चालतो. अपिलात शिक्षाच कमी झाली असती तर गोष्ट वेगळी. माफीचा तुम्हाला एकच फायदा झाला, सुटकेची तारीख अलीकडे आली आणि पाच वर्षांचं घड्याळ लवकर सुरू झालं.

त्याच कलमात राज्य सरकारला ही मुदत एखाद्या प्रकरणात कमी करायचा अधिकार आहे. अर्ज ग्रामविकास विभागाकडे जातो. तो करू नका असं म्हणत नाही, पण मंत्रालयातली फाइल आणि निवडणुकीचा कार्यक्रम यांची शर्यत लागली की कार्यक्रम जिंकतो, हा माझा अनुभव आहे. विधानसभा-लोकसभेसाठी अशी मुदत कमी करायचा अधिकार केंद्रीय निवडणूक आयोगाला आहे, आणि २०१९ मध्ये सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग यांची सहा वर्षांची अपात्रता आयोगाने तेरा महिन्यांवर आणली होती. तेवढी घाई आपल्या फाइलला कोण करणार, ते तुम्हीच ओळखा.

आता एक गंमत सांगते, तिच्यावर आमच्या बाररूममध्ये चहा संपेपर्यंत वाद होतो. आमदारकी-खासदारकीला सर्वसाधारण गुन्ह्यात अपात्रता लागते ती दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तरच. काही ठरावीक गुन्ह्यांची यादी वेगळी आहे, पण ३२५ त्यात नाही. म्हणजे तुम्ही २०२१ मध्ये जेलच्या दारातून बाहेर पडून थेट लोकसभेचा अर्ज भरू शकला असता, पण गावच्या वॉर्डातून सदस्य व्हायला पाच वर्षं थांबायचं. दोन वर्षांची ती रेषा किती काटेकोर आहे हे २०२३ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. सुरतच्या कोर्टाने राहुल गांधींना बरोबर दोन वर्षांची शिक्षा दिली आणि खासदारकी गेली. त्या दोषसिद्धीला स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं की शिक्षा एका दिवसाने कमी असती तर अपात्रता लागलीच नसती. जिल्हा परिषद, नगरपालिका, सोसायटी, बाजार समिती, सगळ्यांचे कायदे वेगळे आणि आकडेही वेगळे. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

अर्ज भरायची वेळ आली तर शपथपत्रात शिक्षा लिहा. पाच वर्षं उलटून गेली असली तरी लिहा. छाननीच्या दिवशी समोरच्या पॅनेलचा माणूस तुमच्या निकालाची नक्कल घेऊनच बसलेला असतो, आणि त्याच्याकडची नक्कल तुमच्यापेक्षा स्वच्छ असते. लपवलेली गोष्ट निवडून आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांपुढे निघते आणि तेव्हा पदही जातं, पैसाही जातो.

पासपोर्ट. हा बोजा तुमच्यावर नाही. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(ई) खाली नकार द्यायचा तर तीन गोष्टी एकत्र लागतात: अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत दोषी ठरलेले असणं, गुन्हा नैतिक अधःपतनाचा असणं आणि शिक्षा किमान दोन वर्षांची असणं. तुमचा निकाल २०१९ चा, शिक्षा वर्षाची, आणि बांधावरची मारामारी. नैतिक अधःपतन म्हणजे चोरी, फसवणूक, लाचखोरी, बलात्कार अशी कृत्यं. भावकीतल्या रागाच्या भरातल्या मारहाणीला तो शब्द सहसा लावत नाहीत. तिन्हीपैकी एकही अट तुम्हाला लागत नाही.

अडतं ते दुसऱ्या जागी. त्याच कलमात पुढे म्हटलंय की फौजदारी कोर्टात केस चालू असेल तरी नकार देता येतो. तुमचा हायकोर्टातला रिव्हिजन अर्ज, म्हणजे खालच्या कोर्टांचा निकाल तपासून बघा म्हणून केलेला अर्ज, अजून पडून आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि पोलीस पडताळणीत कुणीतरी ‘प्रकरण प्रलंबित’ असा शेरा मारेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय की हे पोटकलम खटला चालू असलेल्यांसाठी आहे, अपील पडून आहे एवढ्यावर पासपोर्टचं नूतनीकरण अडवता येत नाही. तेव्हा शेरा आला तर घाबरू नका. निकालाच्या नकला जोडून लेखी खुलासा द्या, तरी नकार आला तर त्यावर अपील आहे. खटलाच चालू असलेल्यांसाठी १९९३ च्या अधिसूचनेची वाट आहे: ज्या कोर्टात केस आहे तिथून परदेशी जायची परवानगी घ्यायची, कोर्टाने मुदत लिहिली नाही तर एक वर्षाचा पासपोर्ट मिळतो. आणि अर्जात खोटं लिहिणं हा त्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. ज्याला मुळात अडथळाच नव्हता अशा माणसाने भीतीपोटी ‘नाही’ लिहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला मी पाहिलाय. प्रश्न शब्दशः वाचा, जेवढा विचारलाय तेवढं खरं उत्तर द्या. व्हिसा हा दुबईवाल्यांचा प्रश्न, त्यांचे नियम त्यांचे.

पुतण्या. तो तेव्हा सोळाचा होता आणि त्याची केस बाल न्याय मंडळापुढे चालली, समज देऊन सोडलं, असं तुम्ही लिहिता. मग त्याच्यासाठी कायदा तुमच्यापेक्षा कितीतरी उदार आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ म्हणतं की अशा मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी कुठलीही अपात्रता लागणार नाही आणि ठरावीक काळानंतर ती नोंद नष्ट करायची. कलम ७४ मध्ये पोलिसांना बजावलंय की निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. सोळा ते अठरामधल्या मुलांना अतिगंभीर गुन्ह्यात अपवाद आहे, पण ३२५ त्यात बसत नाही. आपल्या देशात नोंद खरोखर ‘पुसली’ जाते ती बहुतेक इथेच. तरी मंडळाच्या आदेशाची नक्कल काढून त्याच्या फाइलमध्ये ठेवा. कारण पोलीस ठाण्याच्या जुन्या रजिस्टरात नाव तसंच राहतं, पडताळणीला आलेला हवालदार कलम ७४ वाचून आलेला नसतो, आणि भरतीच्या अर्जातला प्रश्न ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असा ऐसपैस असतो. मी अशा मुलांना नक्कल जोडून, कलम लिहून, एक पानी खुलासा द्यायला लावते. कायदा बाजूने असताना लपवल्याचा डाग कशाला घ्यायचा?

मोठ्या माणसांच्या नोकरीबद्दलही बरेच जण विचारतात म्हणून दोन शब्द. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिलेत. माहिती खरी दिली तर नेमणूक करायची की नाही हे नियोक्त्याने गुन्ह्याचं स्वरूप बघून ठरवायचं, आणि तरुणपणीच्या किरकोळ प्रकरणात लपवणूक झाली तरी ती पदरात घेता येते. पण गंभीर प्रकरण लपवलं तर नोकरी गेलीच समजा. बापाच्या किंवा चुलत्याच्या शिक्षेचा मुलाच्या पात्रतेशी संबंध नाही. फक्त भावकीच्या भांडणात फिर्यादी घरातल्या सगळ्यांची नावं टाकतो, म्हातारी आईसुद्धा सोडत नाही, म्हणून प्रत्येकाने आपलं नाव कुठे आहे का ते बघून ठेवावं.

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. वकिली सुरू करून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. एकोणीस वर्षांचा पोरगा, यात्रेतली मारामारी, साधी दुखापत. त्याला मी सांगितलं, कबुली दे, दंड भर, घरी जा. दंड झाला, त्याच्या वडिलांनी कोर्टाबाहेर पेढे वाटले, मीही खाल्ले. पाच वर्षांनी तो सरकारी चालकाच्या जागेसाठी निवडला गेला, आणि पडताळणीत ती कबुली वर आली. कबुली म्हणजे दोषसिद्धी, दंड कितीही लहान असो. हरियाणातल्या पवन कुमार प्रकरणात वीस रुपये दंडावरून एका कर्मचाऱ्याची नोकरी गेली होती; सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती परत दिली आणि अशा बारीक दंडाला शिक्षा समजू नये असा कायदा करा म्हणून संसदेला सुचवलं. तो कायदा अजून आलेला नाही.

मी तेव्हा काय मागायला हवं होतं? परिवीक्षा, म्हणजे १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली समज किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका. त्या कायद्याचं कलम १२ स्पष्ट सांगतं की असं सुटलेल्या माणसाला दोषसिद्धीबरोबर येणारी अपात्रता लागणार नाही. दोष पुसत नाही, खात्याला त्याच्या वागणुकीवर कारवाई करता येते, पण निवडणूक, सनद अशा ठिकाणचं दार उघडं राहतं. मागायला मात्र शिक्षेच्या प्रश्नावर युक्तिवाद होतो त्याच क्षणी हवं. हे लिहितेय ते तुमच्यासाठी नाही, ज्यांची केस अजून चालू आहे त्यांच्यासाठी. लोकअदालतीच्या दिवशी रांगेत उभं राहून ‘कबूल आहे’ म्हणण्याआधी वकिलाला एवढं विचारा.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ. शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, ‘आता चुलतभावाशी बोलणं आहे, गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नात मीच मांडवाचं बघितलं.’ आणि त्याआधी, ‘हायकोर्टात रिव्हिजन लागलंय म्हणतात, पण तारीख नाही.’ या दोन ओळी एकत्र वाचा.

कलम ३२५ न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीचं आहे, आणि तडजोड करायचा हक्क ज्याला मार लागला त्याचा, म्हणजे तुमच्या चुलतभावाचा. ५०४ मध्येही तडजोड चालते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्येही हायकोर्टाला रिव्हिजन चालू असताना तडजोडीला परवानगी द्यायचा अधिकार आहे. आणि तडजोड मंजूर झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा होतो. शिक्षा भोगून झाली म्हणून रिव्हिजन निकामी होत नाही, दोषाचा डाग अजून आहे तोवर तो काढायची मागणी जिवंत असते. म्हणजे जो दाखला चाळीस हजारांत मिळणार नाही, त्याच्या जवळ जाणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे हायकोर्टाचा हा आदेश. तो मिळाला तर नोव्हेंबर २०२६ ची वाट बघायचीही गरज उरत नाही.

पण यातही ‘जर’ आहेत. रिव्हिजन खरंच जिवंत हवं. वकील ‘लागलंय’ म्हणतात आणि कुणी हजर न राहिल्याने अर्ज केव्हाच निकाली निघालेला असतो, असं होतं. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर तुमच्या नावाने शोधा. ऑगस्ट २०२५ पासून सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, तेव्हा तुमची फाइल मुंबईला आहे की कोल्हापूरला, हेही बघावं लागेल. आदेशात ३२५ बरोबर ३२४ किंवा ३२६ (धोकादायक हत्याराने केलेली दुखापत) लागलेलं असेल तर सरळ तडजोड होत नाही. मग हायकोर्टाच्या अंगभूत अधिकाराखाली कारवाई रद्द करून मागावी लागते, आणि खासगी स्वरूपाच्या भांडणात शिक्षेनंतरही ते करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या रामगोपाल निकालात मान्य केलंय. तिथे हमी नाही, न्यायमूर्तींचा विवेक आहे. आणि तुमच्याबरोबर सह ३४ मध्ये आणखी कुणी आरोपी असतील तर त्यांनाही त्याच अर्जात घ्या, नाहीतर उद्या तेच तुमच्याशी भांडतील.

चुलतभावाला विचाराल तेव्हा वकील किंवा सरपंच मध्ये घालू नका, स्वतः जा. कोर्ट त्याला विचारणार आहे की ही तडजोड राजीखुशीने आहे का, आणि हात मोडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दबाव लगेच दिसतो. त्याचा दवाखान्याचा खर्च तुम्ही कधी दिला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिला नसेल तर तो विषय आधी काढा, तडजोडीचा नंतर. रिव्हिजनचा नंबर आणि निकालाच्या शेवटच्या पानाचा फोटो मिळाला की कळवा, कलमं बघून पुढचं सांगते.